पाच मुलगे, पाच मुली आणि एक 'निर्वंश' घराणं

कोरांटी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढायचा म्हणत होते, आज मुहूर्त लागला.

आम्ही ब्रिस्टलला राहतो. इथून सेव्हर्न नदी ओलांडली की वेल्स, आणि वेल्समध्ये शिरल्या शिरल्या चेपस्टोचा किल्ला. घरी पाहुणे आले की न्यायचं हक्काचं ठिकाण, त्यामुळे सात-आठ वेळा तरी पाहून झालाय. तिथे आत एक जुनं लाकडी दार जपून ठेवलंय. लाकडाच्या वर्षवलयांवरून त्याचं वय काढलं, तर ते ११९० च्या दशकानंतरचं नाही. युरोपातलं किल्ल्याचं सगळ्यात जुनं दार म्हणून मिरवतात ते. हे दार ज्याच्या अमदानीतलं, तो विल्यम मार्शल. धाकट्या पातीतला मुलगा, वडिलार्जित काही नाही, तलवारीवर आणि स्पर्धांतल्या लढतींवर नाव कमावलं, आणि शेवटी नऊ वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीच्या नावाने इंग्लंडचा कारभार पाहिला. १२१९ मध्ये वारला.

आपल्या लोकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे आडनाव. 'मार्शल' म्हणजे मुळात घोड्यांची देखभाल करणारा. पुढे राजाच्या पागेचा अधिकारी, पुढे वंशपरंपरागत मान, आणि मग आडनावच. आपले पागे, पागनीस असेच झाले ना! त्याच्या बायकोचं माहेर 'डी क्लेअर', म्हणजे सफोकमधल्या क्लेअर गावचे. सरळ क्लेअरकर म्हणा.

तर या विल्यमला पाच मुलगे आणि पाच मुली. मुलगे विल्यम, रिचर्ड, गिल्बर्ट, वॉल्टर, अँसेल्म. पाचही जण एकामागून एक पेंब्रोकचे अर्ल झाले आणि पाचही जण औरस संततीवाचून गेले. थोरला १२३१ ला. रिचर्ड १२३४ ला आयर्लंडमध्ये, किल्डेअरजवळच्या लढाईत झालेल्या जखमांनी. गिल्बर्ट १२४१ ला, स्पर्धेत घोडा उधळून. वॉल्टर नोव्हेंबर १२४५ मध्ये आणि अँसेल्म पाठोपाठ डिसेंबरमध्ये. बापाच्या मृत्यूनंतर सव्वीस वर्षांत खेळ खलास.

आमच्या सासरच्या कुलवृत्तांतात अशा फांदीपुढे 'निर्वंश' असं लिहून पुढची फांदी घेतात. मुलींना एकेक ओळ : नाव, आणि 'दिली' अमुक गावच्या तमुकांकडे. मीही आधी त्याच चालीने गेले. पाचही मुलांपुढे फुली मारली आणि वही मिटली.

मग थंडीत वेळ होता म्हणून मुलींची नावं घालून बघितली, आणि गेली दोन वर्षं त्यातून बाहेर आलेले नाही. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस, इंग्लंडचा चौथा एडवर्ड, आत्ता गादीवर असलेला चार्ल्स, सगळे या 'निर्वंश' माणसाच्या वंशातले.

वाटेत फजितीही झाली. पैसे भरून एका वंशावळीच्या संकेतस्थळाची सदस्य झाले, तिथली तयार झाडं उचलली. महिन्याभराने लक्षात आलं की माझ्या झाडात विल्यम मार्शलची बायको स्वतःच्या जावयाशी लग्न करून बसली आहे! कसं ते खाली विचाराल तेव्हा सांगते.

इथे कोणी मध्ययुगीन युरोपच्या वंशावळींचं काम केलंय का? कागद कुठले बघायचे, कशावर विश्वास ठेवायचा, यावर चर्चा व्हावी.

ताकपिठं

पहिला नंबर माझा! वाचनखूण साठवली. सासू-जावई प्रकरण आधी सांगा, बाकी संशोधन नंतर.

कोरांटी

@ताकपिठं, घ्या.

मार्शलच्या बायकोचं नाव इसाबेल डी क्लेअर. तिच्या एका मुलीचं नावही इसाबेल, म्हणजे इसाबेल मार्शल. या मुलीचं लग्न १२१७ मध्ये झालं ग्लॉस्टरच्या गिल्बर्ट डी क्लेअरशी. म्हणजे लग्नानंतर तीही इसाबेल डी क्लेअर. तिला मुलगी झाली, तिचं नाव काय ठेवलं असेल? इसाबेल. बापाकडून डी क्लेअर. आजी माहेरची क्लेअर, आई सासरची क्लेअर, नात पुन्हा माहेरची क्लेअर. संकेतस्थळावर कोणीतरी आजी आणि आई एक करून टाकल्या होत्या आणि पुढच्या शेकडो लोकांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. त्यात मीही एक.

दोन्ही क्लेअर एकाच बुंध्याचे, हा आणखी एक गोंधळ. १११७ मध्ये वारलेला गिल्बर्ट हा दोघांचा समाईक पूर्वज. त्याच्या एका मुलाची शाखा पेंब्रोकला गेली, दुसरी हर्टफर्डला राहिली. नवरा-बायको दोघंही त्याच्यापासून चौथ्या पिढीतले.

बोरूबहाद्दर

उत्तम धागा. मी मोडी वाचणारा माणूस, लॅटिन जेमतेम, पण कोर्टकचेरीच्या कागदांचा स्वभाव सगळीकडे सारखाच असतो म्हणून चार गोष्टी लिहितो.

पहिली म्हणजे त्या काळात जन्म-मृत्यूची नोंदवही नावाचा प्रकार नाही. चर्चच्या पुस्तकात बारसं, लग्न, दफन लिहायचा हुकूम इंग्लंडमध्ये १५३८ चा. त्याच्या आधीचं घराणं शोधायचं तर माणसाच्या मागे जाऊन उपयोग नाही, जमिनीच्या मागे जायचं. माणूस जन्मला याची दखल कोणी घेत नसे, त्याची जमीन कोणाकडे गेली याची मात्र राजा अगदी कसून घेई. कारण त्यात त्याला पैसा होता.

थेट राजाकडून जमीन धरणारा सरदार मेला की राजाचा अधिकारी त्या त्या परगण्यात पंच बसवायचा. मयताकडे कुठली जमीन होती, तिचं उत्पन्न किती, वारस कोण आणि त्याचं वय काय, ही चार उत्तरं पंचांनी शपथेवर द्यायची. या मरणोत्तर चौकश्या १२३० च्या दशकापासून सतराव्या शतकापर्यंतच्या टिकून आहेत, लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय दप्तरखान्यात. इंग्रजी सारांश छापलेले आहेत. एक धोका सांगून ठेवतो : 'वारस एकवीस वर्षांचा व अधिक' असं लिहिलं असेल तर ते वय नव्हे. सज्ञान आहे एवढाच त्याचा अर्थ. माणूस चाळिशीचाही असू शकतो.

वारस अज्ञान असला तर तो आणि त्याची जमीन राजाच्या ताब्यात. सोडवायची तर वय सिद्ध करावं लागे. त्यासाठी पुन्हा बारा पंच. ते काय सांगत? की याचा जन्म मला आठवतो, कारण त्याच आठवड्यात माझं घर जळालं. दुसरा म्हणतो, मी घोड्यावरून पडून पाय मोडून घेतला होता. तिसऱ्याला त्याच दिवशी मुलगा झाला होता. हे कागद म्हणजे आपल्या जुन्या महजरांतल्या साक्षींचे सख्खे भाऊ! मात्र फार भाळून जाऊ नका. तोच मोडलेला पाय आणि तेच जळालेलं घर वेगवेगळ्या परगण्यांत इतक्या वेळा येतं की लेखनिकाकडे ठरीव मासले असणार, हे उघड आहे.

दुसरा खजिना म्हणजे जमिनीच्या तडजोडींचे दस्त. ११९५ पासून पद्धत अशी की एकाच कातड्यावर मजकूर तीनदा लिहायचा, मधून नागमोडी कापायचं, दोन प्रती दोन पक्षांना आणि तळाची तिसरी सरकारी दप्तरात. खोटी प्रत आणली तर कापलेल्या कडा जुळत नाहीत. साधी युक्ती, पण बिनतोड. यात नवरा-बायको दोघांची नावं येतात, कारण जमीन बहुधा बायकोच्या माहेरची असते. मुली शोधायच्या तर या दस्तांसारखं दुसरं काही नाही.

शंकेखोर

सगळं ठीक आहे, पण आपल्या घरच्या वंशावळी वाळवी खातेय आणि आपण इंग्रजांच्या आज्या मोजतोय. माझ्या गावी वंशावळी सांगायला येणारे हेळवी आता येत नाहीत, त्यांच्या वह्या कुठे आहेत कोणाला ठाऊक नाही. असो.

ताकपिठं

@शंकेखोर, वाळवीचा धागा वेगळा काढा, तिथेही येतो. :)

कोरांटी

@बोरूबहाद्दर, दंडवत. 'जमिनीच्या मागे जा' हे मला कोणी दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर सदस्यत्वाचे पैसे वाचले असते.

इंग्लंडचा तेव्हाचा कायदा असा : मुलगा असेल तर थोरल्याला सगळं, धाकट्यांना दाखवायलाही नाही. पण मुलगा नसेल आणि मुली असतील तर सगळ्या मुलींना सारखा वाटा. थोरलीला मान, वाटा तेवढाच. मुलगी आधीच वारली असेल तर तिची मुलं तिच्या जागी उभी राहणार. म्हणून डिसेंबर १२४५ मध्ये अँसेल्म गेला आणि पाच बहिणींच्या दारात पाच वाटे आले. त्यातल्या फक्त दोघी तेव्हा हयात होत्या.

थोरली मॉड. तिचा पहिला नवरा ह्यू बिगॉड, नॉरफोकचा अर्ल. तिला चेपस्टो आणि आयर्लंडमधलं कार्लो मिळालं. शिवाय थोरली म्हणून मार्शलपदाची काठी. १२४६ मध्ये राजाने ती काठी तिच्या हाती दिली आणि तिने मुलाच्या, रॉजर बिगॉडच्या हाती.

दुसरी इसाबेल, वरची सासू-जावई प्रकरणातली. ती १२४० मध्येच गेली होती, तिचा वाटा मुलाकडे : किलकेनी. पहिला नवरा वारल्यावर तिने राजाच्या भावाशी, कॉर्नवॉलच्या रिचर्डशी लग्न केलं होतं. मरताना इच्छा पहिल्या नवऱ्याशेजारी ट्यूक्सबरीला पुरावं ही. दुसऱ्या नवऱ्याने पुरलं ब्यूलीच्या मठात, आणि हृदय तेवढं ट्यूक्सबरीला पाठवलं.

तिसरी सिबिल. तीही आधीच वारलेली. मागे सात मुली! किल्डेअर त्या सातजणींत. म्हणजे प्रत्येकीला मूळ इस्टेटीचा पस्तिसावा हिस्सा. पस्तिसाव्या हिश्श्यासाठीही पंच बसले, कागद झाले, आणि म्हणूनच त्या सातही जणींची नावं, त्यांचे सगळे नवरे आज आपल्याला ठाऊक आहेत. मुलगा एकच असता तर त्या सातांतल्या पाचजणी तरी कागदावर आल्याच नसत्या.

चौथी इव्हा. तिच्या नवऱ्याला, विल्यम डी ब्रोझला, वेल्सच्या लेवेलिनने १२३० मध्ये फासावर दिलं, कारण तो लेवेलिनच्या बायकोच्या खोलीत सापडला. याच दरम्यान विल्यमची मुलगी आणि लेवेलिनचा मुलगा यांची सोयरीक ठरलेली होती. आणि लग्न मोडलं नाही हो! व्याह्याला फाशी देऊन मुलाचं लग्न त्याच घरात झालं. इव्हाची दुसरी मुलगी मॉड मॉर्टिमरांकडे दिली, तिच्याकडे आयर्लंडमधलं लीश गेलं.

पाचवी जोन. तिच्या मुलीशी १२४७ मध्ये राजाच्या सावत्र भावाने, विल्यम डी व्हॅलेन्सने लग्न केलं आणि वेक्सफर्ड व पेंब्रोक त्याच्या घरात गेले.

भर दुपारी

थांबा, तो रॉबर्ट ब्रूस कुठून आला?

कोरांटी

दुसरीकडून. इसाबेल मार्शलची मुलगी इसाबेल, म्हणजे तिसरी इसाबेल, तिचं लग्न अ‍ॅनन्डेलच्या रॉबर्ट ब्रूसशी. त्यांचा मुलगा रॉबर्ट, कॅरिकचा अर्ल. त्याचा मुलगा रॉबर्ट, १३०६ पासून स्कॉटलंडचा राजा. राजा ब्रूस हा विल्यम मार्शलचा खापरपणतू लागतो.

आणि चौथा एडवर्ड चौथीकडून. मॉड मॉर्टिमरच्या वंशातली अ‍ॅन मॉर्टिमर, तिचा मुलगा यॉर्कचा ड्यूक रिचर्ड, त्याचा मुलगा चौथा एडवर्ड, १४६१. त्याची मुलगी एलिझाबेथ आठव्या हेन्रीची आई. तिथून पुढे आजपर्यंत.

सुपारी

मस्त धागा. मी लंडनला असते, टेम्पल चर्चमध्ये विल्यम मार्शलची मानली जाणारी दगडी प्रतिमा आहे, जमिनीवर आडवी, चिलखतात. मे १९४१ च्या बॉम्बफेकीत छप्पर जळून खाली आलं, तेव्हा त्या सगळ्याच प्रतिमांची फार हानी झाली. मार्शलांचा अर्ध्या भागात पिवळा, अर्ध्यात हिरवा आणि वर लाल सिंह असा ध्वज असतो ना? मग मी नॉरफोकच्या बिगॉडांची म्हणून तीच निशाणी पाहिली आहे. चूक म्हणायची का?

बोरूबहाद्दर

चूक नाही, हा सापळा आहे. बिगॉडांची मूळ निशाणी वेगळी होती. मार्शलपद घरात आल्यावर त्यांनी मार्शलांचा सिंहही घेतला. म्हणून नुसत्या मोहरेवरून घराणं ठरवायचं नाही, साल बघायचं.

पदव्यांचंही तेच. पेंब्रोकचा अर्ल आजही आहे, पण ते हर्बर्ट घराणं, त्यांची पदवी १५५१ ची. मार्शलांकडून वारशाने आलेली नव्हे. आणि ती मार्शलपदाची काठी : मॉडच्या नातवाने, पाचव्या अर्लने, १३०२ मध्ये जमिनी आणि पद राजाच्या स्वाधीन केलं आणि 'माझ्या पोटच्या वारसाला' अशा अटीवर परत घेतलं. पोटचा वारस नव्हताच. १३०६ मध्ये तो वारला, सगळं राजाकडे, सख्खा भाऊ हात हलवत राहिला. पुढच्या राजाने, दुसऱ्या एडवर्डने, ते पद आपल्या सावत्र भावाला दिलं. तिथून मोब्रे, तिथून हॉवर्ड. आजही नॉरफोकचा ड्यूक हाच अर्ल मार्शल, २०२३ च्या राज्याभिषेकाची व्यवस्था त्याच्याकडे होती. इंग्लंडातलं वंशावळी आणि चिन्हं तपासणारं अधिकृत खातंसुद्धा त्याच्याच हाताखाली. काठी पोचली, पण विल्यमकडून वारशाने उतरत आलेली नव्हे.

शंकेखोर

हे 'पोटचा वारस नाही, मग राजाकडे' वाचून सातारा आठवला. १८४८ मध्ये छत्रपती आप्पासाहेब गेले, दत्तक नामंजूर, राज्य खालसा. म्हणजे डलहौसीने साडेपाचशे वर्षांपूर्वीचाच खाक्या लावला म्हणायचा.

कोरांटी

@शंकेखोर, बघा, आलात ना धाग्यात!

खाक्या अगदी तोच नाही, पण मुळाशी फरक आहे तो जाणवण्यासारखा. आपल्याकडे मुलगा नसला तर भाऊबंदांतला दत्तक घेऊन नाव चालवायचं, मुलगी दिल्या घरी. इंग्लंडमध्ये १९२६ पर्यंत कायद्याने दत्तकच नव्हता. त्यामुळे मुलगा नसला तर मुलगी, आणि नाव बुडालं तर बुडालं. मार्शल हे नाव बुडालंच.

गावठी इलाज

पाचही मुलगे निपुत्रिक? कोणाचा तरी तळतळाट असणार.

बोरूबहाद्दर

तुम्ही गमतीत म्हणालात, पण त्या काळच्या लोकांनीही हेच म्हटलं. मॅथ्यू पॅरिस नावाचा भिक्षू-बखरकार लिहितो की विल्यमने आयर्लंडमधल्या फर्न्सच्या बिशपची दोन गावं बळकावली होती. विल्यम वारल्यावर बिशप राजाला घेऊन थडग्यापाशी आला, गावं परत द्या, शाप मागे घेतो म्हणाला. मुलांनी नकार दिला. तेव्हा बिशपने शाप दिला की एका पिढीत यांचं नाव पुसलं जाईल. आपल्याकडच्या गधेगाळी आठवा, दानाची जमीन हिरावणाऱ्याला दगडावर कोरून ठेवलेली शिवी. जात तीच.

मॅथ्यू पॅरिसने हे लिहिलं तेव्हा मुलगे मरून झाले होते, हेही ध्यानात ठेवा. शाप नंतर आठवणं सोपं असतं.

सुपारी

आणि विल्यमचं चरित्र आहे ना, पद्यातलं?

कोरांटी

आहे. तो गेल्यावर थोरल्या मुलाने करवून घेतलं, जुन्या फ्रेंचमध्ये, १९,२१४ ओळी. हस्तलिखित एकच उरलं. १८६१ मध्ये लंडनच्या लिलावात पॉल मेयर या फ्रेंच विद्वानाने ते ओझरतं पाहिलं आणि ते दुसऱ्याच कोणी विकत नेलं. मेयर वीस वर्षं शोधत राहिला, १८८१ मध्ये पुन्हा हाती लागलं. मग त्याने ते छापलं.

स्तुतिपर आहे, मुलाने पैसे दिलेत, त्यामुळे मीठ लावून वाचायचं. पण दोन जागा मला वंशावळीपेक्षा मोलाच्या वाटतात. एक लहानपणची. ११५२ मध्ये राजा स्टीफनने बापाकडून जामीन म्हणून पाच-सहा वर्षांच्या विल्यमला ठेवून घेतलं. बापाने शब्द मोडला. मुलाला मारू म्हटल्यावर बापाचा निरोप आला की हातोडा आणि ऐरण माझ्यापाशी आहेत, याहून चांगले मुलगे घडवीन. स्टीफनने मुलाला मारलं नाही. तो आणि राजा तंबूत गवताच्या काड्यांची लढाई खेळत बसले.

दुसरी जागा मरणाची. विल्यमला गावंसं वाटत होतं. लोक म्हणाले, मुलींना बोलवा. थोरली मॉड गायली. मग धाकटी जोन लाजत लाजत गायली, तर त्याने तिला शिकवलं, असं नाही गं, असं म्हण. तिचं लग्न व्हायचं होतं, त्याची काळजी त्याने बोलून दाखवली आणि तिच्यापुरती तजवीज केली. पुढे पेंब्रोक गेलं ते याच जोनच्या मुलीकडे.

भर दुपारी

हे वाचून घशात काहीतरी अडकलं.

बरं, व्यवहाराचा प्रश्न. डीएनए तपासून हे सगळं ठरवता येत नाही का? नाकात बोळा घातला की झालं.

सुपारी

आठशे वर्षांत साधारण डीएनए इतका वाटला जातो की काही हाती लागत नाही. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र टिकतं, पण विल्यमचे मुलगेच संपले. उरतो आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनए.

त्याचं उदाहरण तिसरा रिचर्ड. २०१२ मध्ये लेस्टरला वाहनतळाखाली सांगाडा सापडला. बहीण अ‍ॅनच्या मुलीच्या मुलीच्या मुली असं करत आजच्या वंशजांपर्यंत आले, आईकडचा डीएनए जुळला. आणि पुरुषांच्या रेघेतून आलेल्या वंशजांचं वाय गुणसूत्र काही जुळलं नाही! २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मधे कुठेतरी कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे.

ताकपिठं

म्हणजे छापील कुलवृत्तांतात ज्या रेघा ठळक असतात, त्याच कच्च्या? पॉपकॉर्न आणतो.

कोरांटी

तिसरा रिचर्ड म्हणजे चौथ्या एडवर्डचा धाकटा भाऊ, म्हणजे इव्हाच्या वंशातला. आमच्याच घरातला म्हणायचा आता.

बोरूबहाद्दर

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी भाषेचे दोन खड्डे सांगून थांबतो. लॅटिन कागदात 'नेपोस' आला तर तो पुतण्या किंवा भाचाही असेल आणि नातूही. वाक्यावरून ठरत नाही, जमिनीवरून ठरतं. दुसरा खड्डा तारखांचा. साल राजाच्या राज्याभिषेकापासून मोजतात. 'हेन्रीचं एकतिसावं वर्ष' म्हणजे २८ ऑक्टोबर १२४६ ते २७ ऑक्टोबर १२४७. त्यात नवं वर्ष बहुधा २५ मार्चला सुरू. जानेवारीतला मृत्यू सरळ एक वर्ष मागे दिसतो आणि बाप गेल्यावर दीड वर्षाने मुलगा जन्मला असं झाड तयार होतं. ज्याने शुहूर सन आणि शक जंत्री लावून जुळवलेत त्याला हे नवीन नाही.

आणि सोळाव्या-सतराव्या शतकात छापलेली, रंगीत ढालींची वंशावळ दिसली तर आधी संशय घ्या. डेन्बीच्या फील्डिंग अर्लांनी आपण ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्गांचे वंशज असल्याची कागदपत्रं बाळगली होती. मोठमोठ्या लोकांनी ती खरी मानली. होरेस राउंड नावाच्या कडक माणसाने ती बनावट असल्याचं दाखवून दिलं.

गावठी इलाज

आमच्याकडे तर एकजण थेट रघुवंशापर्यंत पोचलाय. मधली पाच हजार वर्षं 'इत्यादी' लिहून.

सुपारी

:)) @कोरांटी, सिबिलच्या सात मुलींचं पुढे काय झालं? ते राहिलं.

कोरांटी

तिथेच तर अडकलेय. भिंतीवर मोठा कागद लावून झाड काढते आहे. सिबिलचा नवरा विल्यम डी फेरर्स. त्यांच्या सात मुलींपैकी इसाबेलने (हो, आणखी एक) पहिला नवरा वारल्यावर डन्स्टरच्या रेजिनाल्ड डी मोहूनशी लग्न केलं. तिची सख्खी बहीण जोन, तिचं लग्न रेजिनाल्डच्या पहिल्या बायकोच्या मुलाशी, जॉनशी.

ताकपिठं

म्हणजे बहीण बहिणीची सावत्र सासू!

कोरांटी

हे तरी काढता येतं. पुढे ऐका. सिबिल वारल्यावर फेरर्सने दुसरं लग्न केलं मार्गारेट डी क्विन्सीशी, म्हणजे विंचेस्टरच्या अर्लच्या मुलीशी. त्यामुळे मार्गारेट ही सातही जणींची सावत्र आई. नंतर सातातली एलेनॉर विधवा झाली आणि तिने दुसरं लग्न केलं विंचेस्टरच्या त्याच अर्लशी, मार्गारेटच्या बापाशी.

भर दुपारी

थांबा थांबा. म्हणजे एलेनॉरची सावत्र आई मार्गारेट, आणि मार्गारेटची सावत्र आई एलेनॉर?

कोरांटी

बरोबर. दोन्हीकडून बाण वर जातोय. कागद तिसऱ्यांदा बदलला, अजून जमत नाहीये. कोणाला युक्ती सुचत असेल तर सांगा.

बोरूबहाद्दर

दोन रंगांचा दोरा आणि टाचण्या.